लांबलेली नोकरी आणि न लांबलेलं लग्न

प्यो दुसिकने लष्कराचा निरोप जरा जास्तच मनापासून घेतला, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

निरोप माणसाने हातचं राखून घ्यावा. गाडी सुटेपर्यंत कोणाला काही देऊ नये आणि सुटल्यावरही कोणाला काही बोलू नये, असा दुसिकच्या वडिलांचा अनुभव होता. ते जेछन स्टेशनात मालधक्क्यावर बाबू होते आणि सुटलेल्या गाड्या उलट्या येऊन पुन्हा फलाटाला लागताना त्यांनी पाहिल्या होत्या. पण बापाचे अनुभव मुलांच्या उपयोगी पडत असते, तर एव्हाना जगात कोणी अडचणीत सापडलंच नसतं.

अडीच वर्षं दुसिकने ह्वाछनच्या डोंगरात काढली. त्याची कंपनी लढणारी नव्हती, लढणाऱ्यांना तांदूळ, मुळे आणि केरोसीन पोचवणारी होती. जानेवारीत त्याची मुदत भरत आली तेव्हा तो हवालदार होता, म्हणजे बराकीतल्या शेकोटीजवळची झोपायची जागा त्याची होती. सुटणाऱ्याने आपली चीजवस्तू मागच्यांना वाटून जायची, अशी पद्धत. लोक फुटका चमचा, अर्धी साबणवडी असं काहीतरी देतात. दुसिकने शेकोटीजवळची जागा, आईने पाठवलेली गरम पाण्याची पत्र्याची बाटली आणि तिनेच विणलेले लोकरी मोजे, हे सगळं कू नावाच्या कॉर्पोरलला देऊन टाकलं. कू भिडस्त माणूस. तो नको नको म्हणत होता. "ठेव रे," दुसिक म्हणाला, "मला आता काय करायचंय."

इथवर ठीक होतं. पण देऊन झाल्यावर तो बोलायला लागला.

कंपनीचा कारभार सुभेदार मेंग यांच्या हातात होता. मेंग यांनी आयुष्य लष्करात घालवलं होतं आणि त्यांना दोन गोष्टींचा सोस होता. वाटेच्या कडेने दगड ओळीत मांडून त्यांना चुना फासायचा, आणि संध्याकाळच्या हजेरीला गाणं म्हणायचं. दुसिक सैन्यात येण्यापूर्वी तालुका कचेरीत कारकून होता. जाणाऱ्या माणसाने मागे राहणाऱ्या संस्थेला चार सूचना द्याव्यात, असं त्याला तिथे शिकवलं होतं. म्हणून शेवटच्या संध्याकाळी भटारखान्यात, सगळ्यांच्या देखत, त्याने सुभेदारांना सूचना दिल्या. पांढऱ्या दगडांना घाबरून शत्रू पळाल्याचं इतिहासात नमूद नाही, असं तो म्हणाला. गाण्याबद्दल म्हणाला, की खालच्या गावातल्या गाईंचा विचार करावा. मेंग मुळा किसत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अजून काही आहे का, असं विचारलं. दुसिकला ओघ सापडला होता. त्याने सारामध्ये सोयाबीन कमी आणि सार जास्त असतं हेही सांगून टाकलं.

"बरं," मेंग म्हणाले. "जा, सुखी राहा. थंडी आहे, कान झाक."

दुसऱ्या दिवशी सुटणाऱ्यांना ट्रकमधून डिव्हिजनला नेलं. तिथे गरम भात झाला, प्रत्येकाच्या हातात सुटकेचा दाखला आला आणि एक मेजर आदर्श नागरिक कसा असावा यावर बोलायला उभे राहिले. ते बोलत असताना एक जीप आली. त्याच आठवड्यात उत्तरेकडच्या शत्रूची काही हत्यारबंद माणसं डोंगरावरून चालत चालत थेट सोलमध्ये, राष्ट्राध्यक्षांच्या घरामागे येऊन ठेपली होती. सारा देश दचकला होता, आणि दचकलेल्या देशाला हाताशी असलेला शिपाई सोडवत नाही. मेजरसाहेबांनी आलेला कागद वाचला आणि वाक्य तोडायचं नाही म्हणून तसंच पुढे नेलं: तुम्ही सर्व जण आदर्श नागरिक व्हाल, परंतु आत्ताच नाही. मग दाखले गोळा करण्यात आले. किती दिवस, असं मागून कोणीतरी विचारलं. पुढील आदेशापर्यंत, असं उत्तर आलं. पुढील आदेश कधी, यावर मेजर छताकडे पाहू लागले.

(दुसिकची सुटका शेवटी ऑगस्टात झाली. हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. त्याच्या जिवाला मात्र तो ऑगस्टपर्यंत होता.)

दुपार कलता कलता ट्रक परत कंपनीत आला. शेकोटीजवळ कू बसला होता. दुसिकला पाहून तो ताडकन उठला, पण पायातले मोजे काही पायातून उठले नाहीत. दिलेली वस्तू परत मागायची कशी, हा प्रश्न सगळ्या सभ्य माणसांना पडतो. ती दुसऱ्याच्या पायात असली की तो जास्तच पडतो. दुसिक म्हणाला, बस बस, मी आपला सहज आलोय. आणि दाराजवळच्या जागेवर, जिथे नवे भरती झालेले झोपतात, तिथे त्याने अंथरूण टाकलं.

जेवायच्या वेळी आणखी एक गोष्ट कळली. सुटला म्हणून त्याचं नाव शिधा मिळणाऱ्यांतून कमी झालं होतं. सुटला नाही म्हणून पहाऱ्यावर उभं राहणाऱ्यांत ते पुन्हा घातलं होतं. म्हणजे उभं राहायला दुसिक होता, जेवायला नव्हता. स्वयंपाकी चांगला होता, त्याने कढई खरवडून त्याला वाढलं. पण वाढताना त्याने विचारलं, की हवालदारसाहेब, यात सोयाबीन पुरेसं आहे का, आणि दुसिक भिंतीकडे तोंड करून जेवला.

आता सुभेदार सूड घेणार, अशी सगळ्यांची खात्री होती. मेंग यांनी दुसऱ्या दिवशी त्याला चुन्याची बादली आणि कुंचा दिला, बस्स. आवाजही चढवला नाही. दुसिक दगडांशी बसला तेव्हा ते शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "तुझं ऐकून मी दगड कमीच करणार होतो. पण आता माणूस हाताशी आहे."

दुसिकने पहिल्या दगडाला चुना फासला. थोड्या वेळाने मेंगच पुढे म्हणाले, "मीही मार्चमध्ये सुटणार होतो. गावाकडे मधमाश्यांच्या पेट्या घेऊन ठेवल्यात. भाऊ सांभाळतोय. त्याला स्वतःची बायको सांभाळता आली नाही."

हे सांगताना त्यांचा चेहरा मुळा किसताना होता तसाच होता. दुसिकला मात्र, हातातला कुंचा कुठेतरी ठेवून द्यावा असं वाटलं. पण बर्फावर ठेवला तर तो गोठला असता.

आता खरी अडचण. दुसिकचं लग्न ठरलं होतं. नवरी हेसुक, जेछनच्या ओम वैद्यांची मुलगी, पोस्टात टेलिफोन ऑपरेटर होती. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारचा मुहूर्त ज्योतिष्याने काढून दिला होता, आणि त्याच्या मते त्यानंतर शरद ऋतूपर्यंत या दोन पत्रिकांना आकाशात जागा नव्हती. मुदत भरलेला माणूस घरी येत नाही, ही गोष्ट जेछनमध्ये कोणालाच पटत नव्हती. लष्कराने काही जाहीर केलं नव्हतं, त्यामुळे गावाने स्वतःच जाहीर केलं. न्हाव्याच्या दुकानात दुसिक तुरुंगात होता. यंगवलवाली म्हणून शेजारीण होती, तांदळाच्या वड्यांच्या गिरणीची मालकीण. तिच्या गिरणीवर तो न्यूमोनियाने गेलाच होता. आणि ओम वैद्यांच्या दुकानात त्याला ह्वाछनला दुसरी बायको होती. हे शेवटचं निदान लोकांना सर्वांत पटलं, कारण वैद्यांचं निदान चुकत नसे.

त्यातच करकचेरीतल्या एका तरुणाची आत्या रोज खोकल्याचं औषध न्यायला वैद्यांकडे येऊ लागली. खोकला तिला दुकानात शिरल्यावरच लागायचा, आणि दोन ढासांच्या मध्ये ती भाच्याच्या नव्या सायकलबद्दल बोलायची. वैद्यांनी दुसिकच्या वडिलांना, प्योबाबूंना, स्पष्ट सांगितलं, की मुहूर्तावर लग्न झालं तर झालं. "गार झालेला काढा पुन्हा तापवला, तर औषध उडून जातं आणि नुसतं कडूपण राहतं."

हेसुकने हे सगळं ऐकलं आणि कोणाशी न बोलता कामावर गेली. तिने वोन्जूच्या ऑपरेटर मुलीला सांगितलं, वोन्जूने छुनछनला, आणि छुनछनच्या मुलीने डिव्हिजनच्या एक्स्चेंजवरच्या कॉर्पोरलला. तो बिचारा वर्षभर तारेतून तिचा आवाज ऐकत होता. तिने रणगाडा मागितला असता तरी त्याने जोडून दिला असता. अशा रीतीने एका दुपारी दुसिकला दगडांवरून उठवून फोनवर नेण्यात आलं. समोरच्या भिंतीवर सूचना होती, की जागा, तारीख, कारण यांपैकी काहीही फोनवर बोलू नये.

"का आला नाहीत?" हेसुकने विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"कधी येणार?"

"ते मलाही कोणी सांगत नाही."

 मग हेसुक म्हणाली, "बाबा म्हणतात, तुम्ही तिकडे दुसरं लग्न केलंय."

"दुसरं? पहिलं तरी कुठे झालंय?"

तारेत कोणीतरी हसलं आणि कोणीतरी त्याला गप्प केलं. मग छुनछनचा आवाज आला, "ताई, खरं बोलतायत ते. माझा मामेभाऊपण अडकलाय. सगळेच अडकलेत." वोन्जूनेही दुजोरा दिला. दुसिक कानापर्यंत लाल झाला. जन्मात पहिल्यांदा तो हेसुकशी इतकं मोकळं बोलत होता, आणि ऐकायला निम्मा प्रांत होता.

"मला वाट बघायला काही नाही," हेसुक म्हणाली. "पण बाबांची वाट बघायची मुदत त्या रविवारी संपतेय. एक दिवस या."

एक दिवस. एवढीशी गोष्ट होती. दुसिक कंपनीच्या कारकुनाकडे गेला आणि एका दिवसाची रजा मागितली. कारकून सहृदय होता. तो म्हणाला, रजा नोकरीत असलेल्याला मिळते, आणि तुमची नोकरी तर जानेवारीत संपली. मग मला घरी जाऊ द्या, दुसिक म्हणाला. ते कसं, कारकून म्हणाला, तुम्ही नोकरीत आहात. कारकुनाने त्याला बटालियनकडे पाठवलं. बटालियन म्हणाली, सुटका रद्द झाल्याची नोंद झाली की रजेचं बघू, आणि त्यासाठी सुटकेचा दाखला आणा. दाखला डिव्हिजनने काढून घेतला होता. डिव्हिजनने तो सोलला पाठवला होता, आणि सोल सध्या कामात होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात. इथे नवऱ्याला आधी गुडघा आपलाच असल्याचा पुरावा द्यायचा होता. सगळीकडून फिरून तो पुन्हा कारकुनाकडे आला, तेव्हा कारकून त्याला चहा देऊन म्हणाला, की तसंही रजा सगळ्यांच्याच बंद आहेत, पण तुमची बाब वेगळी आहे म्हणून मी काही बोललो नाही.

कॅप्टनसाहेब वयाने लहान आणि अविवाहित होते. त्यांनी सल्ला दिला, की लग्न हा गंभीर निर्णय असतो, घाई करू नये.

शेवटी उरले सुभेदार मेंग. दुसिक त्यांच्यापुढे उभा राहिला. ज्या माणसाला आपण गाईंचा विचार करायला सांगितलं, त्याच्याकडे आपल्या लग्नाचं बोलायचं, याइतकी जड गोष्ट नाही. मेंग यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नवरा जाऊ शकत नाही," ते म्हणाले. "पण रविवारी भेटीच्या खोलीत माणसं येऊ शकतात. एका जवानाला दोन. त्यांनी आत बसून काय करायचं, याबद्दल नियम नाही. मी बघितलाय."

त्याच तारेवरून जेछनला निरोप गेला: फक्त दोन माणसं. हेसुकने तो नीट ऐकला, वोन्जू आणि छुनछननेही ऐकला. पण जेछनमध्ये पोचल्यावर त्याचं जे झालं, त्याला तार जबाबदार नव्हती.

दोघांत एक हेसुक, हे तर उघड होतं. दुसरं कोण, यावर दोन्ही घरं बसली. वैद्य म्हणाले, मुलगी द्यायला बाप हवा. प्योबाबू म्हणाले, मुलगी घ्यायलाही बाप हवा. दुसिकची आई आपली सामान बांधायला लागली. इतक्यात यंगवलवाली आली आणि तिने विचारलं, वड्या कोण उकडणार? गार वड्यांवर लग्न लागलं तर संसार कडक जातो. न्हावी म्हणाला, नवऱ्याचे केस लष्करात कापलेत, ते मी बघितल्याशिवाय फोटो काढू नका. मग फोटोग्राफर आला. लग्न जुन्या पद्धतीचं की नव्या, हा वाद दोन दिवस चालला आणि दोन्ही पद्धतींचं करायचं ठरलं. म्हणजे पांढरा झगा आणि ओढणीही आली, आणि मंडपात मांडायला लाकडी हंसांची जोडी आणि निळ्या-लाल फडक्यात बांधलेला जिवंत कोंबडाही आला. लग्न लावायला निवृत्त मुख्याध्यापक बोंगसर तयार झाले. त्यांनी जन्मभर नीतिशास्त्र शिकवलं होतं. एवढ्या थंडीत त्यांना एकट्याला कसं पाठवायचं म्हणून त्यांचे दोन जुने विद्यार्थी निघाले. बाकीचे फक्त छुनछनपर्यंत सोबत करणार होते. प्योबाबूंनी रेल्वेतल्या ओळखीने वोन्जूपासून पुढे एक बस मिळवली, आणि बस अर्धी रिकामी न्यायची म्हणजे मालधक्क्यावरच्या माणसाच्या जिवाला लागतं.

रविवारी बस ह्वाछनला कंपनीच्या फाटकापुढे उभी राहिली आणि माणसं उतरायला लागली. ती उतरतच राहिली. दुसिक फाटकाच्या आत उसन्या पांढऱ्या कॉलरचा सदरा घालून उभा होता. त्याने एकदा डोळे मिटून उघडले. अजूनही उतरतच होती. शेवटी कोंबडा उतरला.

मेंग शेजारी येऊन उभे राहिले. "तू निरोपात दोन म्हणालास ना?"

"मी दोनच म्हणालो होतो, सुभेदारसाहेब."

मेंग गर्दीकडे बघत राहिले. फाटकावर मिलिटरी पोलिसांचा एक सार्जंट होता. तो परका, आपल्या कंपनीतला नव्हता, आणि दोन म्हणजे दोन मानणारा होता. मग मेंग वळले आणि कंपनीत ज्यांना आजवर कोणीच भेटायला आलेलं नाही, त्यांना बाहेर यायला सांगितलं. बरेच निघाले. कोणी दक्षिणेतल्या बेटांवरचे, कोणाचं घर इतकं लांब की यायला-जायलाच आठवडा लागावा, कोणाला घरच नाही. मेंग यांनी त्यांची उंचीप्रमाणे रांग लावली. मग फाटकाबाहेर जाऊन पाहुण्यांचीही उंचीप्रमाणे रांग लावली. दगड मांडताना जी काटेकोर नजर असायची तीच. आणि प्रत्येक जवानामागे दोन पाहुणे याप्रमाणे नातेवाईक वाटून दिले. नावं पाठ करा, एवढंच ते हळू आवाजात म्हणाले.

यंगवलवालीच्या वाट्याला बू नावाचा जेजू बेटावरचा शिपाई आला. सार्जंटने तिला गाव विचारलं. गाव सांगायलाच संध्याकाळ होईल इतकं लांब आहे, असं ती म्हणाली. मग दोन वर्षांत एकदाही का आला नाहीत, असं त्याने विचारलं.  ती बूकडे वळली आणि तो वाळलाय किती, कान किती फाटलेत, पत्र का टाकत नाही, असं त्यालाच बोलू लागली. बोलता बोलता तिचा आवाज फाटला आणि ती खरोखरच रडायला लागली. बू त्याच्या बेटावरच्या बोलीत काहीतरी पुटपुटला. ते कोणालाच कळलं नाही, त्यामुळे कोणी शंकाही घेतली नाही. सार्जंटने हातानेच आत जायला सांगितलं.

हेसुक आणि वैद्य हे दुसिकचे स्वतःचे पाहुणे. त्यामुळे त्याच्या सख्ख्या आईबापांना कॉर्पोरल कूचे आईबाप व्हावं लागलं. सार्जंटला संशय आला, कारण कूचं नाव सांगताना प्योबाबू दोनदा चुकले. पण दुसिकच्या आईचं लक्ष कूच्या पायांकडे गेलं. "हे मोजे माझ्या हातचे आहेत," ती सार्जंटला म्हणाली. "टाचेला अशी दुहेरी वीण दुसरं कोणी घालत असेल तर दाखवा." यात एक अक्षर खोटं नव्हतं. सार्जंटने वाकून टाच पाहिली आणि बाजूला झाला. आत आल्यावर मात्र तिने दुसिककडे ज्या नजरेने पाहिलं, त्यापेक्षा सार्जंट परवडला.

कोंबडा कोणाला भेटायला आलाय, असंही सार्जंटने विचारलं. मेंग म्हणाले, स्वयंपाक्याला.

एक जण मात्र अडला. बोंगसरांच्या वाट्याला बुसानचा एक पोरका शिपाई आला होता, आणि सरांनी तत्त्वासाठी नकार दिला. जन्मभर मी मुलांना खोटं बोलू नका शिकवलं, ते म्हणाले, आता या वयात मला मुलगा होऊ शकत नाही. ते परत बसमध्ये जाऊन ताठ बसले. त्यांचे विद्यार्थी मात्र दुसऱ्या एका शिपायाचे भाऊ होऊन केव्हाच आत गेले होते.

वैद्य आत शिरताच कोणाला नमस्कारही न करता दुसिकचं मनगट धरून बसले. डोळे मिटून त्यांनी बराच वेळ नाडी पाहिली. सगळी खोली थांबली. हेसुक पांढऱ्या झग्यात, त्यावर लष्करी कोट घालून, खिडकीबाहेर बघत होती.

"पोटात गारठा आहे," वैद्य शेवटी म्हणाले. "अन्न पुरत नाही. दाराच्या वाऱ्यात झोपतोय. अशा नाडीच्या माणसाला दोन बायका झेपत नाहीत."

त्यांनी मनगट सोडलं आणि कोटाच्या खिशातून जिनसेंगची मुळी काढून त्याच्या हातावर ठेवली. लग्नाला त्यांची संमती ती एवढीच.

आता लग्न लावायला वडीलधारा माणूस हवा, आणि तो तर बसमध्ये तत्त्वाला धरून बसला होता. सगळे एकमेकांकडे पाहू लागले आणि मग सगळेच मेंग यांच्याकडे. मेंग म्हणाले, मला भाषण एकच येतं. तेच करा, प्योबाबू म्हणाले. तेव्हा सुभेदार मेंग शेकोटीशेजारी सावधानमध्ये उभे राहिले. समोर लाकडी हंस, निळ्या-लाल फडक्यातला कोंबडा, एकीकडे ओढणी आणि एकीकडे उसनी कॉलर. आणि वीस वर्षं पहाऱ्यावर जाणाऱ्यांना जे सांगत आले ते त्यांनी सांगितलं.

"जागा सोडू नका. सोडावी लागली तर दुसऱ्याला सांगून सोडा. कंटाळा आला तर तो आलाय असं बोला, झोपू नका. अंधारात आवाज आला तर आधी विचारा कोण आहे, मग काय ते करा. जोडीदार थकला असेल तर त्याची बंदूक घ्या." इथे ते जरा अडखळले. मग म्हणाले, "बंदुकीच्या जागी जे असेल ते."

फोटोग्राफरने फोटो काढला. मेंग यांनी कोणी न सांगता एक गाणंही म्हटलं. ते खरोखरच बेसूर होतं आणि सगळ्यांनी ते शेवटपर्यंत नीट ऐकलं, सगळ्यांत नीट दुसिकने.

मग जेवणं झाली. वड्या लोखंडी शेकोटीवर पुन्हा गरम केल्या. खोली इतकी भरली होती, की नवरा एका कोपऱ्यात आणि नवरी दुसऱ्या, आणि मध्ये सगळं जेछन. यंगवलवाली बूला भरवत होती आणि त्याच्या गावाचं नाव तिसऱ्यांदा विचारून घेत होती. न्हाव्याने आपल्या वाट्याच्या जवानाचेच नव्हे, तर रांगेतल्या सगळ्यांचे केस सारखे करायला घेतले. दुसिकची आई कूच्या मोज्याला पडलेलं भोक शिवत होती. नवरा-नवरी दिवसभरात एकमेकांशी जे बोलले ते एवढंच, की तिने विचारलं, जेवलात का, आणि तो हो म्हणाला.

भेटीची वेळ संपली. बसने भोंगा वाजवला आणि निरोप सुरू झाले. फाटकाशी नुसती झुंबड उडाली. जो तो आपापल्या मुलाला, पुतण्याला, धाकट्या भावाला शोधत होता. पत्र टाक, कान झाक, हे पुडकं एकट्याने खा, वाटत बसू नकोस. यंगवलवाली बसच्या खिडकीतून निम्मी बाहेर आली होती आणि बूचा हात सोडत नव्हती. तिच्या मागून चार माणसं तिचा कोट धरून तिला आत ओढत होती. बोंगसरांनीही सरतेशेवटी खिडकीची काच खाली केली आणि बुसानच्या त्या शिपायाला जवळ बोलावून विचारलं, शिक्षण कितवीपर्यंत झालंय. बस हलली. खिडक्याखिडक्यांतून हात हलत होते, रस्त्याच्या कडेने शिपाई पळत होते, आणि डोळे पुसायच्या गडबडीत कोणाचंच कोणाकडे लक्ष नव्हतं.

भेटीच्या खोलीत हेसुक शेकोटीशी वाकून बुटांचे बंद बांधत होती. दुसिक तिचा कोट हातात धरून उभा होता. बसचा आवाज फाटकापाशी वाढला, मग वळणावर बारीक झाला, आणि मग ऐकू येईनासा झाला.

हेसुकचा हात बंदावर थांबला. दुसिकने खिडकीतून पाहिलं. रस्ता रिकामा होता. बर्फावर चाकांचे दोन माग तेवढे होते. त्याने तोंड उघडलं. हेसुकने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने ते मिटलं.

दाराबाहेर सुभेदार मेंग पाठ करून उभे होते. त्यांनी बस जाताना पाहिली होती आणि त्यात कोण नव्हतं हेही पाहिलं होतं. ओरडले असते तर ती वळणाआधी थांबली असती. त्यांचा आवाज डोंगरापलीकडे जायचा. त्यांनी कोटाची कॉलर वर केली आणि दार ओढून घेतलं.

हेसुकने बांधलेला बंद पुन्हा सोडला. दुसिकने तिचा कोट खुंटीला लावला आणि तिच्याजवळ जाऊन बसला. अरुंद डोंगरी रस्त्यावर एवढी मोठी बस वळवायला जागा लवकर सापडत नाही.